टाळकरी आणि श्रोते

एका चर्चासत्राचा जुना नोंदणी अर्ज मी अजून जपून ठेवला आहे. नाव, पत्ता, शिक्षण, निबंधाचे शीर्षक हे सगळे रकाने भरलेले आहेत. ‘संस्था’ या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ आहे. साठोत्तरी अनियतकालिकांच्या अर्थकारणावर मी दोन वर्षे खपून लिहिलेला तो निबंध परत आला. चौकशीसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले, “एखाद्या कॉलेजचं पत्र जोडलं असतं तर बघता आलं असतं.” त्यांचा दोष नव्हता. नियम तसा होता. पण त्या आडव्या रेघेने मला पुढे बरीच वर्षे एका प्रश्नाला बांधून ठेवले. ज्याच्या पाठीशी संस्था नाही, पगारी आसन नाही, ठरलेला प्रकाशक नाही, त्या लिहिणाऱ्याला वा कलावंताला आधार कुठून मिळतो? आणि त्याचे वाचक कुठून येतात?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे. खरा कलावंत एकटाच असतो, त्याला कुणाची गरज नसते आणि काळ त्याला न्याय देतोच, असे ते उत्तर. भाषणात ते शोभते, पण मराठी वाङ्मयाचा इतिहास जवळून पाहू गेल्यास ते टिकत नाही. जे एकटे होते असे आपण समजतो, त्यांच्याभोवती कुणी ना कुणी होते. ज्यांच्याभोवती खरोखर कुणीच नव्हते, त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेलीच नाहीत. त्यामुळे ‘काळ न्याय देतो’ हे वाक्य फक्त ज्यांना न्याय मिळाला त्यांच्याकडे पाहून केलेले असते.

दुसरे उत्तर अलीकडचे आहे. समानधर्मी माणसे गोळा करा, गट करा, म्हणजे वाचक आपोआप येतील. माझा या निबंधातला मुख्य आक्षेप या दुसऱ्या उत्तराला आहे, कारण ते अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असलेले उत्तर अधिक दिशाभूल करते.

१

वारकरी कीर्तन ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. कीर्तनकार उभा असतो. त्याच्या मागे नि बाजूला टाळकरी उभे असतात. समोर श्रोते बसलेले असतात. टाळकऱ्यांचे तोंडही श्रोत्यांकडेच असते. ते ध्रुपद धरतात, बुवांचा आवाज बसला तर उचलून घेतात, लय ढळू देत नाहीत. श्रोत्याचे काम वेगळे असते. तो दिवसभराचे कष्ट करून आलेला असतो, त्याला अभंगातले काही पटते, काही पटत नाही, तो मान डोलावतो किंवा मध्येच उठून जातो. टाळकरी मध्येच उठून जात नाही.

तुकोबांचे चौदा टाळकरी होते असे परंपरा सांगते. त्यांतल्या संताजी जगनाडे यांच्या हातच्या म्हणून मानल्या गेलेल्या वह्या तुकोबांच्या गाथेच्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरल्या. म्हणजे टाळकऱ्याने नुसती साथ केली नाही, शब्द टिकवलेही. पण त्याच देहूत शिऊरची बहिणाबाई आली ती श्रोती म्हणून. स्वप्नात तुकोबांचा उपदेश मिळाल्याचे, देहूला येऊन कीर्तन ऐकल्याचे आणि त्यापायी घरात व बाहेर सोसावे लागल्याचे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. समोर बसलेली ती बाई उठली आणि स्वतः कवी झाली. तुकोबांना दोन्ही लाभले. मात्र एकातून दुसरे आपोआप निघाले नाही.

साथ आणि श्रोता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्वतंत्र कलावंताचे बहुतेक घोटाळे साथीला श्रोता समजण्यातून होतात, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे आता तीन-चार ठिकाणी तपासून पाहतो.

२

पहिले ठिकाण १९२३ चे पुणे. रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे, वि. द. घाटे आदी मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत. त्याच वर्षी त्यांनी ‘किरण’ हा संग्रह काढला. या मंडळाबद्दल दोन गोष्टी सरसकट सांगितल्या जातात. एक, ते परस्परांची वाखाणणी करणारे मंडळ होते. दोन, अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांची भंबेरी उडवली.

या दोन्हींच्या आड तिसरी गोष्ट झाकली गेली आहे. या कवींनी, विशेषतः यशवंत आणि गिरीश यांनी, कविता चहाच्या टेबलावरून उचलली आणि सभागृहात नेली. ते कविता चालीवर म्हणत. शाळांच्या संमेलनांत, वाचनालयांच्या वार्षिक उत्सवांत, गावोगावच्या व्याख्यानमालांत कविता ऐकायला माणसे येऊ लागली. जाहीर काव्यगायन मराठीत रूढ झाले त्यात या मंडळाचा वाटा मोठा आहे. पुढे यशवंत बडोद्याचे राजकवी झाले.

या श्रोत्यांची किंमतही मोजावी लागली. गाता येईल अशी कविता अधिक लिहिली गेली. सभागृहाला गोड लागेल तो सूर कवितेत वाढला. नंतरच्या समीक्षकांनी मंडळाच्या कवितेवर भावविवशतेचा ठपका ठेवला, त्याची मुळे काही अंशी या सभागृहांत शोधता येतात. श्रोता मिळाला की तो मागणी करू लागतो. ज्यांना केवळ टाळकरी हवे असतात त्यांना ही मागणी नकोशी असते. रविकिरण मंडळाने ती पत्करली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. विडंबनालाही मी त्याच हिशेबात धरतो. अत्र्यांनी टिंगल केली ती कविता लोकांच्या ओठांवर होती म्हणून. कुणालाच ठाऊक नसलेल्या कवितेचे विडंबन होत नाही.

३

दुसरे ठिकाण साठच्या दशकाचे. इथे मला थोडे आपुलकीने आणि थोडे कठोरपणे बोलावे लागेल, कारण हा माझा विषय आहे.

१९५५ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले. ते सायक्लोस्टाइल केलेले होते. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे आदींचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचे ‘अबकडई’ अशी रांग लागली. ठरलेल्या दिवशी निघण्याची हमी नसल्याने त्यांना अनियतकालिके हे नाव पडले.

सायक्लोस्टाइल यंत्र मी चालवलेले आहे. १९८० चे दशक सरत आले होते, एका शाळेच्या कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मीच काढत असे. मेणाच्या कागदावर रिबन काढून टंकलेखन करायचे, चुकले तर वर द्रव लावून वाळेपर्यंत थांबायचे, मग तो कागद शाईच्या रुळावर चढवून हात फिरवायचा. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल फाटू लागतो. अनियतकालिक म्हणजे बंडखोरी, हे पुस्तकात वाचायला बरे वाटते. मला मात्र त्या अंकांच्या कडेला पुसटलेली अक्षरे दिसली की कुणाच्या तरी दुखऱ्या मनगटाची आठवण होते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने टंकायचे, तिसऱ्याने कागदाचे पैसे उभे करायचे, चौथ्याने पत्ते लिहायचे. हे साथीचे काम आहे आणि त्याला तोड नाही. या माणसांनी एकमेकांना धरून ठेवले नसते, तर तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकांत न बसणारी भाषा, न बसणारे विषय, न बसणारी वाक्ये कागदावर आलीच नसती.

त्या काळी ‘सत्यकथा’ हे मान्यतेचे दार होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली त्या मासिकाने मराठी कथा-कवितेचा एक फार वरचा दर्जा घडवला, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण दार एकच असले की ते उघडणाऱ्याची अभिरुची हाच कायदा होतो. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून आणि त्या मासिकाची जाहीर होळी करून या कायद्याला आव्हान दिले. हा प्रसंग आपण नेहमी बंडाचा म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचे अंक जाळावेसे वाटतात ते मासिक जाळणारे मन लावून वाचत असतात. अनियतकालिकवाल्यांचा सर्वांत गंभीर वाचक ‘सत्यकथे’च्या कचेरीत असण्याची शक्यता होती, आणि ‘सत्यकथे’चे सर्वांत जागरूक वाचक अनियतकालिकवाले होते.

मग त्यांचा स्वतःचा वाचक कोण होता? रद्दीच्या दुकानांतून, जुन्या वाचनालयांतून आणि काही लेखकांच्या घरून मी गोळा केलेल्या अंकांत एक गोष्ट सतत आढळते. एका अंकाचा लेखक दुसऱ्या अंकाचा संपादक असतो आणि तिसऱ्या अंकात पत्र लिहिणारा असतो. टाळकरी टाळकऱ्यांसमोर कीर्तन करत होते. ही टीका म्हणून मी हलक्या हाताने करत नाही. काही काळ असेच असावे लागते. नवी भाषा रुळेपर्यंत तिला परक्या कानांपासून थोडे आडोशाला ठेवावे लागते. पण आडोसा हे घर झाले की गडबड होते. अनेक अनियतकालिके दोन-चार अंकांत बंद पडली, त्याचे कारण आपण पैशाची चणचण असे सांगतो. ते खरेच आहे. मला मात्र वाटते, ज्यांच्यासाठी काढायचे ते सगळे काढणाऱ्यांतच होते, हेही कारण असावे. सगळ्यांचे वाचून झाले होते.

या कोंडीतून बाहेर पडलेली पुस्तके पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. अनियतकालिकांनी त्या कवितेला अंगण दिले. पण पुस्तकाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या कवितेतले जग आणि शब्द ज्याच्या माहितीचे नाहीत अशा वाचकाच्या जागी तेंडुलकर स्वतः उभे राहतात आणि तिथून कवितेकडे जातात. ही साथ नव्हे. ही श्रोत्याच्या बाजूने आलेली माणसाची चाल आहे. ढसाळांच्या कवितेला अशा पुलाची गरज होती का, यावर वाद घालता येईल. पण ती प्रस्तावना कुणाला उद्देशून आहे, याबद्दल वाद नाही.

४

अरुण कोलटकर हे एकांड्या कलावंताचे आपले लाडके उदाहरण. घरी फोन नाही, मुलाखती नाहीत, व्यासपीठ नाही. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे.

कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नाणावलेले कलादिग्दर्शक होते. चूल कवितेवर पेटत नव्हती, म्हणून कविता कुणाच्या मर्जीवर राहिली नाही. स्वातंत्र्याचे बिल कुणीतरी भरत असते, त्यांच्या बाबतीत ते त्यांनीच दुसऱ्या कामातून भरले. आणि माणसांचे म्हणाल तर काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये दर गुरुवारी दुपारी त्यांचे टेबल ठरलेले होते. वर्षानुवर्षे मित्र तिथे येत. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि कोलटकर या चौघा कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि पहिल्याच वर्षी चौघांची चार इंग्रजी पुस्तके आणली. ‘जेजुरी’ त्यांपैकी एक. पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे कोलटकरांची. ‘जेजुरी’ला १९७७ चे राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह काढला. तेव्हा कवी पंचेचाळिशीत होता.

त्यानंतरचे मराठी पुस्तक यायला पाव शतक लागले. ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ ही २००३-०४ मध्ये आली. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००५ चा.

या पाव शतकाचा अर्थ कसा लावायचा? भक्त म्हणतील, त्यांना वाचकांची पर्वा नव्हती. मला तसे वाटत नाही. पर्वा नसलेला माणूस पुस्तकाच्या पानावरच्या कोऱ्या जागेवर इतका विचार करत नाही. माझा तर्क असा की त्यांच्याजवळ साथ इतकी भक्कम होती, की श्रोत्यासाठी थांबणे त्यांना परवडले. पुस्तक आज काढले काय आणि वीस वर्षांनी काढले काय, कविता ऐकणारे आणि जाणणारे चार कान गुरुवारी दुपारी समोर होते. आणि छपाईची उत्तम जाण असलेला प्रकाशक-मित्र वाट पाहायला तयार होता. ‘प्रास’ने ती पुस्तके ज्या आस्थेने काढली आणि उपलब्ध ठेवली, त्यावरून कळते की चांगला टाळकरी शेवटी कवीला श्रोत्यापर्यंत नेऊन पोचवतो, मग त्याला कितीही उशीर होवो.

पण हे उदाहरण इतरांना देताना जपून द्यावे. ज्याला दुसरीकडे चांगला पगार नाही, ज्याच्या शहरात असे टेबल नाही, ज्याला असा शहाणा प्रकाशक भेटलेला नाही, त्याला ‘कोलटकरांसारखे थांबा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

५

चौथे ठिकाण पुन्हा तेव्हाचे औरंगाबाद. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू केले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. २०१८ मध्ये पानतावणे गेले. सुमारे पन्नास वर्षे, म्हणजे अनियतकालिकांच्या आयुष्याच्या कित्येक पट, हे नियतकालिक चालले. ते कसे?

याचे उत्तर मला त्यांच्या मेळाव्याच्या नावात सापडते. ‘अस्मितादर्श लेखक-वाचक मेळावा.’ लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक जोडरेघ आहे. वेगवेगळ्या गावी भरणाऱ्या या मेळाव्यांत मांडवात बसलेला वाचक पुढच्या वेळी व्यासपीठावर कविता वाचत असे. शिकून पहिल्यांदाच बाहेर पडलेली पिढी, शिक्षक, कारकून, टपाल नि रेल्वेतले कर्मचारी या नियतकालिकाची वर्गणी भरत होती आणि त्यात लिहितही होती. ‘सत्यकथे’चे दार ठोठावण्याऐवजी त्यांनी मांडव घातला, आणि मांडवाला दार नसते.

याआधीचा पाया इथे विसरून चालणार नाही. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले होते. आणि अण्णा भाऊंना श्रोते शोधावे लागले नव्हते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत उभारलेल्या लाल बावटा कलापथकातून त्यांनी गिरणगावातल्या चाळींसमोर, मैदानांत शाहिरी केली होती. त्यांच्या बाबतीत श्रोता आधी होता, पुस्तक नंतर आले. मराठीतल्या स्वतंत्र कलावंतांचा इतिहास लिहिताना आपण पुस्तकापासून सुरुवात करतो, म्हणून हा क्रम आपल्याला उलटा वाटतो.

‘अस्मितादर्श’चा दर्जा प्रत्येक अंकात सारखा नव्हता. लेखक-वाचक यांमधली भिंत काढली की कच्चे लेखनही आत येते. ‘सत्यकथा’ ते येऊ देत नसे. पण ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. या दोन गोष्टींतून मी दर्जा वाईट आणि टिकणे चांगले असा सोपा निष्कर्ष काढणार नाही. एवढेच म्हणेन की चाळण लावणारे मासिक आणि मांडव घालणारे मासिक ही दोन वेगळी कामे आहेत. नव्याने लिहू लागलेल्या माणसाला चाळणीच्या आधी मांडव लागतो.

६

आतापर्यंत जी टेबले मी सांगितली, त्यांच्याभोवती कोण बसले होते ते पुन्हा पाहावे. रविकिरण मंडळात मनोरमा रानडे होत्या, त्या एकट्या. अनियतकालिकांच्या नामावळीत स्त्रियांची नावे बोटांवर मोजावी लागतात. इराण्याकडे तासन्‌तास बसून रात्री उशिरा घरी जाणे ही ज्या साथीची अट होती, ती साथ बायकांना मिळणार कशी? मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. चळवळीच्या बैठकी घरात भरतात तेव्हा त्या घरातली बाई कुठे असते, हे त्यातून कळते. अनियतकालिकांच्या अभ्यासकांनी हे पुस्तक आपल्या साधनांत धरलेले मला फारसे आढळत नाही. धरायला हवे.

बहिणाबाई चौधरींची साथ म्हणजे जाते आणि शेत. गाणी मुलाने आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतली, ती पुस्तकरूपाने १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. इथे साथ होती, पण श्रोता मरणानंतर आला.

आणि बेबी कांबळे. फलटणला त्यांचे छोटे किराणा दुकान होते. पुडे बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. दुपारी गिऱ्हाईक कमी असे, त्या वेळात लिहीत. लिहिलेले नवऱ्याच्या आणि मुलाच्या नजरेपासून लपवून ठेवत. हे कित्येक वर्षे चालले. त्यांना मंडळ नव्हते, टेबल नव्हते, अनियतकालिक नव्हते. मग फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंना त्या लेखनाबद्दल कळले आणि त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. ‘जिणं आमुचं’ प्रथम ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि नंतर १९८६ मध्ये पुस्तक झाले. आज दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत ते अग्रभागी आहे.

माझ्या प्रमेयाला हे उदाहरण सर्वांत अडचणीचे आहे, म्हणूनच मी ते शेवटी ठेवले. बेबीताईंना टाळकरी मिळाले नाहीत. त्यांना एक श्रोती मिळाली, आणि तेवढ्याने काम झाले. याचा अर्थ साथीची गरज नसते असा करावा का? मला वाटते, नाही. वर्षानुवर्षे कागद लपवत लिहावे लागणे ही साथ नसल्याची किंमत आहे. ती त्यांनी एकटीने भरली. इतक्या वर्षांत अशा किती वह्या चुलीत गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच वाङ्मयेतिहासात नाही.

७

आता माझ्या गावचे सांगतो. वर केलेला भेद मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

चर्चासत्राची ती रेघ मनाला लागल्यावर मी ठरवले की आपणच आपली बैठक करावी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा-सात जण जमू लागलो. एक निवृत्त एसटी कंडक्टर, दोन शिक्षक, एक पशुवैद्य, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आणि मी. प्रत्येकाने काही लिहिलेले वाचायचे आणि बाकीच्यांनी बोलायचे. चहा वाचनालयाच्या शिपायाकडून. दोन वर्षे बैठक बिनबोभाट चालली. आम्ही एकमेकांना फार सांभाळून घेत होतो.

मग शिवणकाम करणाऱ्या बाई यायच्या बंद झाल्या. त्यांच्या कविता आमच्यात सर्वांत जिवंत होत्या. दोन शनिवार वाट पाहून मी त्यांच्या दुकानावर गेलो. त्या मशीनवर होत्या. म्हटले, “ताई, काही चुकलं का आमचं?”

त्या म्हणाल्या, “नाही हो सर. तुम्ही सगळे चांगलंच म्हणता. पण तिथं सगळेच लिहिणारे. माझं वाचून झालं की प्रत्येक जण आपली वही उघडतो. मला कुणीतरी नुसतं ऐकणारं पाहिजे होतं.”

परतताना मला रद्दीतून जमवलेले ते सगळे अंक आठवत होते. अनियतकालिकांबद्दल मी जे निबंधात लिहिले होते, तेच माझ्या बैठकीचे झाले होते आणि ते मला एका शिंपीणकाम करणाऱ्या बाईने दाखवेपर्यंत दिसले नव्हते.

आम्ही बैठक मोडली नाही. एक शनिवार बैठकीचा ठेवला आणि महिन्यातून एकदा बाहेर जायचे ठरवले. पहिल्यांदा गेलो ते ताईंच्याच गल्लीत, त्यांच्या बचत गटाच्या सभेनंतर. वीसेक बायका होत्या. मांडीवर पोरे होती, कुणी शेंगा निवडत होत्या. ताईंनी पाच कविता वाचल्या. तिसरीच्या मध्येच दोघी उठून गेल्या. चौथीला एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “हे खोटं आहे. सासू अशी नसते.” त्यावर अर्धा तास भांडण झाले. ताईंचा चेहरा मी दोन वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. पुढच्या बैठकीत त्यांनी ती चौथी कविता बदलून आणली. आम्ही दोन वर्षे ‘छान, छान’ म्हणून जे करू शकलो नव्हतो ते त्या म्हातारीने केले.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. ताई त्या बायकांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा हात कापत होता. निवृत्त कंडक्टर त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसले, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि त्यांची वही उजेडात धरून राहिले. त्यांनी त्या दिवशी स्वतःची कविता वाचली नाही.

माझा तो परत आलेला निबंध अजून कपाटात आहे. चुकांची जाणीव होते तसा मी तो दुरुस्त करत आलो आहे. अनियतकालिकांच्या पैशांचा हिशेब त्यात आहे. पत्ते लिहिणाऱ्यांचा नाही आणि घरी थांबलेल्यांचाही नाही. या दिवाळीनंतर तो पुन्हा लिहायला घेणार आहे. पूर्ण झाला की आधी शनिवारच्या बैठकीत वाचेन, आणि मग ज्यांनी ‘वाचा’ किंवा ‘येरू’ हे नावही ऐकलेले नाही, अशा कुणासमोर.